मोजणारा

यंदा दिवाळीत भाचा पुण्याहून आला तो फासे घेऊन. फासे म्हणजे आपले सारीपाटाचे लांबोडके नव्हेत. एक चार बाजूंचा, एक आठ, एक बारा, आणि सगळ्यांत थोरला वीस बाजूंचा. बोराएवढा, जांभळा, उजेडात धरला की आतून धूर भरल्यासारखा दिसणारा. माडीवरच्या गोधडीवर टाकला की तो लगेच बसायचा नाही. आपल्या वीस तोंडांपैकी कोणतं दाखवावं याचा विचार करत गडगडत राहायचा. पोट्टे श्वास रोखून बघायचे. मीही बघायचो, पण पेपर वाचतोय असं दाखवून.

खाली कोठीत सोयाबीनची पोती थप्पीला लागलेली. 2025 च्या खरिपाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला होता आणि बाजारातली बोली त्याच्या खालीच घुटमळत होती. म्हणून आमच्यासारख्या बऱ्याच जणांनी माल घरातच ठेवलेला. बाहेर तुरीला पिवळी फुलं आलेली. वाशीम जिल्ह्यात दिवाळीचा वास म्हणजे अर्धा उटण्याचा आणि अर्धा ताज्या मळणीच्या भुशाचा असतो. त्या वासात बसून ही चार पोरं (माझी धाकटी, चुलतभावाची दोन आणि हा भाचा) कुठल्याशा अंधाऱ्या भुयारात उतरत होती.

खेळ असा, की पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतात आणि नसल्या तरी. एक जण गोष्ट सांगणारा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. सांगणारा म्हणतो, समोर दार आहे, दाराखालून पाणी झिरपतंय, काय करता? एक म्हणतो, कान लावतो. दुसरी म्हणते, लाथ घालते. मग फासा टाकायचा आणि जे दान पडेल ते भोगायचं. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावानं हा खेळ बाजारात आणला, आणि पन्नास वर्षांनी तो खामगावच्या बाजारातून घेतलेल्या गोधडीवर येऊन बसला.

"मामा, पण हा साधा डंजन नाही हं," भाचा म्हणाला. "इथं लोकं तिकीट काढून बघायला बसतात."

पेपर खाली ठेवला.

त्यानं सांगितलं ते असं. मूळ खेळात माणसं भुयारात उतरतात ती सोन्यासाठी. अंधारात, कोणाच्या नकळत. पण 2002 साली ब्रेंडन लासेल नावाच्या लेखकाचं 'एक्सक्रॉल' आलं. त्यातल्या अमेरिकेत प्रजासत्ताक नाही, सम्राट आहे. आणि भुयारात उतरणं हा तिथला सर्वांत मोठा, दूरदर्शनवर दाखवला जाणारा खेळ आहे. भुयार मुद्दाम बांधलेलं. सापळे मुद्दाम लावलेले. राक्षस आणून सोडलेले. पंच आहेत, जाहिराती आहेत, आवडत्या खेळाडूच्या नावानं ओरडणारा जमाव आहे. आत मरण मात्र खरं. नुसतं जिवंत बाहेर येऊन भागत नाही, लोकांना आवडेल असं बाहेर यावं लागतं.

पहिल्यांदा मला हे पोरकट वाटलं. अंधाराची सगळी मजाच काढून टाकली की! भुयारात दिवे लावले, कॅमेरे बसवले, मग राहिलं काय? "डंजन" या शब्दाला मी मराठी शब्द शोधत होतो. तळघर म्हणावं तर ते वाड्याचं. भुयार म्हणावं तर त्याला दुसरं तोंड असतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर शब्द सापडला, आणि सापडल्याबरोबर माझं मत बदललं. शब्द होता पेव.

हल्लीच्या पोरांना 'पेव फुटणं' एवढंच ठाऊक, तेही वर्तमानपत्रातून. शिकवणी वर्गांचं पेव फुटतं, बाबांचं पेव फुटतं. आमच्या वऱ्हाडात पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर, जिथं पाणी मुरत नाही तिथं, माणूस दीड माणूस खोल खड्डा. तोंड अरुंद, पोट फुगीर, घागरीसारखं. बुडाला आणि बाजूंना कडबा, भुसा. त्यात ज्वारी ओतायची, वरून पुन्हा कडबा, माती, आणि तोंड लिंपून टाकायचं. आत दाणा श्वास घेतो, हवा संपते, कीड मरते. दुष्काळ आला की पेव उघडायचं.

आजी सांगायची ते उघडण्याचं. तिचं वर्णन ज्वारीचं नसायचंच, माणसांचं असायचं. पेव उघडणार ही बातमी गावभर. माती खरवडायची, तोंड मोकळं करायचं आणि मग सगळ्यांनी मागं सरायचं, कारण आतली कोंडलेली हवा माणूस मारते. बराच वेळ तसंच उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. काठावर गर्दी, पण आवाज नाही. कंदील खाली जातोय, ज्योत बारीक होतेय, आणखी बारीक... विझली. पुन्हा थांबा. दुसऱ्यांदा सोडा. या वेळी ज्योत टिकली की मग एक जण कमरेला दोर बांधून उतरणार, आणि सगळा गाव त्या दोराकडे बघत राहणार. "आत काय असते वो आजी?" मी विचारायचो. "जवारी," ती म्हणायची, आणि मग थोडं थांबून, माझ्यासाठी, "अन् यखांद्या टायमाले नाग."

म्हणजे सगळंच होतं की. अंधार, सापळा, राखणदार, सोन्यासारखा दाणा, आणि काठावर तिकीट न काढलेले प्रेक्षक. उतरणारा एकच. पण कंदील विझला की नाही हे बघायला काठावरचे डोळे लागतात. एकट्यानं पेव उघडलेलं माझ्या आजीनं कधी ऐकलं नव्हतं. एकटा उतरला तर तो चोर, नाहीतर मेलेला.

दुसऱ्या दिवशी पेवाची गोष्ट भाच्याला सांगितली. तो इतका खूश झाला की त्यानं त्या अमेरिकी सम्राटाला तिथल्या तिथे पदच्युत केलं. "मामा, राजा आपला घेऊ." मग काय, राजाला वाशीममध्ये तोटा नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात त्या शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. सोळा नंबरचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं, असं तिथला शिलालेखच सांगतो. डोंगराच्या पोटात शिरून तिथं रंगवलं काय, तर गर्दी. मिरवणुका, खिडक्यांतून डोकावणाऱ्या बायका, हत्तींवरचे लोक. विजेरी घेऊन आत शिरणाऱ्या माणसाकडे भिंतीवरून शेकडो डोळे बघतात. मी दोनदा गेलोय अजिंठ्याला, आणि दोन्ही वेळा बघून आल्यापेक्षा दिसून आल्यासारखं वाटलं.

तर राजा हरिषेण, आणि भुयार कारंज्याच्या खाली. हे पोरांनीच ठरवलं. कारंजा लाड हे एके काळचं एवढं श्रीमंत व्यापारी गाव की 1670 साली शिवाजी महाराजांची फौज सुरतेनंतर तिथवर आली. तिथं कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका अजून सांगतात: एका सावकारानं कस्तुरी विकत घेऊन ती घराच्या बांधकामातच मिसळली म्हणे. खरंखोटं देव जाणे. पण भुयाराला वास कस्तुरीचा येतो, हे माझ्या धाकटीनं पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

राहता राहिला समालोचक. बघायला लोक बसलेत म्हटल्यावर माईकवर कुणीतरी हवं. चौघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण मी एके काळी पटाच्या माईकवर बसलेला माणूस.

पट म्हणजे शंकरपट. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणतात ती आमच्याकडे या नावानं होते. वाचणारा विदर्भाबाहेरचा असेल तर एवढंच सांगतो, की आमच्या पटात डोळ्यांपेक्षा घड्याळाला मान. जोडी सुटते, हलक्या छकडीवर धुरकरी अर्धा उभा अर्धा लोंबता, आणि सगळं काही इतक्या थोड्या सेकंदांत संपतं की खोकला आला तर तुमचा पट हुकला. निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर. म्हणून माईकवाला लागतो. झालेलं तो पुन्हा सांगतो, आणि खरं तर त्यानं सांगितल्यावरच ते झालेलं असतं. मी शाळामास्तर; उच्चार स्वच्छ, आवाज दमदार, म्हणून आसपासच्या गावांत माझ्या हाती माईक द्यायचे. जोडीचं गाव, मालकाचं नाव, बैलांची नावं, आणि मग तो आकडा. आकडा सांगण्याआधी मी जरा थांबायचो. त्या थांबण्यात हजारो माणसं माझ्या मुठीत असायची. ही कबुली आज देतो.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट बंद झाला. बैलांच्या हालांबद्दल निकालात लिहिलेलं खोटं नव्हतं. पराणीच्या टोकाला काय असतं, शेपटी कशी पिरगाळतात, हे माईकजवळ बसलेल्याला सगळ्यांत आधी दिसतं. मी ते बघत होतो आणि वर्णन दुसऱ्याच गोष्टीचं करत होतो. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, पुन्हा स्थगिती आली, 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, डॉक्टर लागतो, पराणी चालत नाही. मधल्या सात वर्षांत आमच्या भागातल्या पटाच्या कितीतरी जोड्या विकल्या गेल्या. पट पुन्हा सुरू झाल्यावर मला बोलावणं आलं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

पण माडीवर मी माईक धरला. माईक म्हणजे लाटणं. "येत आहे, येत आहे, मंगरूळपीरची वाघीण, हातात कुऱ्हाड, पाठीशी कोणी नाही..." पोट्टे लोळायला लागले. धाकटीचं पात्र ते. तिला एकदम चेव चढला आणि तिनं जिथं मागं फिरायचं तिथं पुढं पाय टाकला. मी बोललो नसतो तर ती परतली असती. भाच्यानं त्याच्या भुयारात दर मजल्यावर एक दार ठेवलं होतं. त्यातून बाहेर पडलं की जीव वाचतो, मान जातो. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या दाराकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. मला त्या दाराची आठवण पुन:पुन्हा येत होती, आणि माझ्या तोंडून मात्र वाघीणच निघत होती.

काठावरून बघणं माझं जुनंच. लहानपणी जत्रेत मौत का कुआँ यायचा. लोणीच्या सखाराम महाराजांच्या जत्रेला आम्ही बैलगाडीनं जायचो. महाराजांचं दर्शन मोठ्यांसाठी, आम्हा पोरांचं तीर्थ म्हणजे तो लाकडी फळ्यांचा उंच पिपासारखा गोल. बाहेरून करकरता जिना, वर सज्जा, आणि सज्ज्यावरून खाली बघायचं. खाली एक माणूस पायानं फटफटी सुरू करतोय. तो उतारावर दोन फेऱ्या मारतो, मग भिंतीवर चढतो, आणि मग आडवा होऊन आपल्या तोंडाजवळून जातो. पुढं शिकवायला लागल्यावर मी फळ्यावर हिशेब करून दाखवायचो: पाच मीटर त्रिज्या, टायरची पकड बरी, तर ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपासचा वेग पुरतो. वाशीमच्या पाटणी चौकात लोक याहून जोरात गाडी हाकतात. पण हिशेबात एक गोष्ट येत नाही. तो आपल्या खालून जातो तेव्हा सगळा सज्जा हादरतो. फळी पायाखाली जिवंत होते. तिकीट काढून बघायला आलेला माणूस नकळत त्याच भिंतीला लटकलेला असतो.

तिथं लोक हात लांब करून नोट धरायचे आणि तो जाता जाता ती ओढून घ्यायचा. बाबांनी मलाही दोनाची नोट दिली. मी धरली. आवाज जवळ आला, वारा आला, आणि माझा हात आपोआप मागं आला. त्याच्या बोटांनी हवा पकडली. पुढच्या फेरीला तो माझ्या बाजूला आलाच नाही. ती नोट घरी आली, त्याचा बाबांना झालेला आनंद मला आजही कळत नाही.

आता विहिरीचं सांगतो. सांगायचं टाळत होतो.

आमच्या गावाबाहेर मोटेच्या काळातली एक विहीर होती. धाव शाबूत, मोट गेलेली, काळ्या दगडात उतरलेली. उन्हाळ्यात गावातले सगळे पोट्टे तिथं. कुणी सूर मारायचं, कुणी मुटका. मला पोहता यायचं नाही, म्हणजे यायचं पण वरून उडी मारायची हिंमत नव्हती. म्हणून मला काम दिलं होतं मोजायचं. पैज अशी, की तळाला जाऊन मूठभर गाळ घेऊन वर यायचं, आणि जास्तीत जास्त वेळ पाण्याखाली राहायचं. मी काठावर बसून मोठ्यानं आकडे म्हणायचो. घड्याळ कुणाकडे होतं! मीच घड्याळ. धुणं घेऊन आलेल्या बाया, बैल पाजायला आलेले गडी, सगळे माझ्या आकड्यांवर टेकलेले.

सातवीतला एक पोरगा होता, आमच्यात सगळ्यांत दमाचा. एक दिवस तो उतरला. मी मोजायला लागलो. चाळीसला पाण्यावरचे बुडबुडे थांबले. पन्नासला एक बाई "अवं माय" म्हणाली. साठ. पासष्ट. हा त्याचा विक्रम होता. सत्तरला काठावरचं बोलणं बंद झालं. मी मोजत होतो. माझा आवाज स्थिर होता, हे मला आज सगळ्यांत टोचतं. कारण त्या वेळी मला दोन गोष्टी एकाच वेळी कळत होत्या: एक, हा पोरगा बुडाला असावा, आणि दोन, मोजणं थांबवून ओरडलो तर आकडा मोडेल. एवढा मोठा आकडा मी कधी म्हटला नव्हता. मला तो आणखी मोठा व्हायला हवा होता. ऐंशी. शहाऐंशीला एका गड्यानं धोतरासकट उडी घेतली.

पोरगा कपारीत बसला होता. पाण्याच्या वर, दगडाच्या आड, डोकं बाहेर काढून, आरामात, हसत. आपल्याला किती मोजतात ते ऐकत. त्याच्या बापानं त्याला घरापर्यंत मारत नेलं. गडी भिजलेलं धोतर पिळत बसला. मला कुणी काहीच म्हणालं नाही. मी तर नुसता मोजत होतो.

भाऊबीजेच्या रात्री चौथा मजला आला. भाच्यानं डोळे मिचकावून सांगितलं, खोली पाण्यानं भरलेली आहे, किल्ली तळाशी आहे, वर सज्ज्यावर पाच हजार लोक. धाकटी म्हणाली, "मी उडी मारते." या विहिरीबद्दल मी घरी कधी बोललो नव्हतो, हे इथं सांगायला हवं. भाचा माझ्याकडे वळला. "मामा, तुम्ही मोजा. ती म्हणेल तेव्हा फासा टाकायचा. जितकं थांबेल तितकं बक्षीस मोठं."

मोजलं. माईक न धरता, हळू मोजलं. तीसला तिच्याकडे बघितलं, ती हसली. पंचेचाळीसला बघितलं. पंचावन्नला मी मोजता मोजता म्हणालो, "दार आहे बेटा तिथं, डाव्या हाताला." "समालोचकानं असं बोलायचं नसते, बाबा," ती म्हणाली आणि थांबून राहिली. एकसष्ट म्हटलं आणि तिनं फासा टाकला.

फासा गोधडीवरून उतरला, फळ्यांवर गडगडला, आणि माडीच्या दोन जुन्या फळ्यांमधल्या फटीतून खाली कोठीत गेला. पोत्यांवर आपटल्याचा बारीक आवाज आला. मग काहीच नाही.

चौघं मोबाइलच्या उजेडात कोठीत उतरली. मी दारात उभा राहून कंदील धरावा तशी विजेरी धरली होती. तासभर शोधलं. थप्पीच्या मागं हात जात नाही, आणि साठ पोती हलवायला रात्री अकराला कोण येणार? भाचा म्हणाला, दुसरा फासा घेऊ, मोबाइलवर पण टाकता येतो. धाकटीनं साफ नकार दिला. तिचं म्हणणं असं, की दान पडलेलं आहे. तिथं खाली पोत्यांच्या मागं एक आकडा वर करून तो फासा बसला आहे. आपल्याला फक्त दिसत नाही.

भाचा पुण्याला गेला. परवा त्याचा फोन होता, मामा, किती मोजलं होतं? मी कॅलेंडरच्या ऑक्टोबरच्या पानावर लिहून ठेवलंय, 61. धाकटी अजून पाण्याखाली आहे. सोयाबीनला भाव आल्याशिवाय पोती हलणार नाहीत.